खरातबाईंची न दिसणारी बाग

"ओ सर, पाय उचला आधी! कुर्डूवर उभे राह्यलात!"

जाफराबादच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झालो, त्या सकाळी तिथल्या माणसाने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दचकून उजवा पाय उचलला आणि खाली पाहिलं. भेगाळलेली काळी माती, दोन खडे आणि माझ्या चपलेचा ठसा, एवढंच होतं. "आता तिळवणीवर आलात," आवाज पुन्हा म्हणाला. म्हणजे डावा पायही उचलायला हवा होता. दोन्ही पाय एकदम उचलायची कला मला येत नसल्यामुळे हातात पत्र्याची ट्रंक घेऊन मी एका पायावर तसाच उभा राहिलो. सातवीचा अख्खा वर्ग खिडकीतून हे पाहत होता. पुढे मी त्या शाळेत होतो तोवर पोरं माघारी मला 'बगळे सर' म्हणत, त्याचं मूळ हे असं आहे.

आवाज खरातबाईंचा होता. बाई शास्त्र आणि शिवण असे दोन विषय शिकवत. वय पंचावन्नच्या पुढे, उंची छत्रीएवढी, पायात टायरच्या चपला. वैशाख पौर्णिमेला पांढरंशुभ्र लुगडं नेसून सगळ्या स्टाफला खीर खायला बोलवायच्या, तेवढा एक दिवस सोडला तर त्यांच्या पदराला कायम सात-आठ गाठी असायच्या. प्रत्येक गाठीत वेगळं बी. रस्त्याने कुणी सोबत चालत असलं तरी बाई मध्येच खाली वाकत, बांधावरच्या कुठल्यातरी वाळक्या काडीला चिमटीत धरून झटकत आणि पदराला नवी गाठ मारत. कुठल्या गाठीत काय आहे ते फक्त त्यांना माहीत असे, आणि त्यांनाही नेहमी असेच असं नाही.

फाटकापासून हेडसरांच्या खोलीपर्यंतचा जो तुकडा होता, ती बाईंची बाग. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून त्यांनी अकरा पाट्या केल्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या रंगाने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: कुर्डू, तरोटा, पिवळी तिळवण, केना, भुईरिंगणी, काटेकोरांटी वगैरे. पाट्या ओळीत उभ्या होत्या. पाट्यांच्या खाली काहीच नव्हतं. मी यायच्या आधी एक पावसाळा कोरडा गेला होता, आणि माझ्या समोर दुसराही गेला. गावातली टवाळ माणसं फाटकाशी थांबून विचारत, "बाई, पाट्यांना पानी घातलं का आज?"

बाई शांतपणे सांगत, "बी झोपलंय. मेलं न्हाई."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते त्या सगळीकडे वापरत. गणितात तीन वर्षं नापास होणारा मुलगा, बंद पडलेलं शिवणयंत्र, एस.टी.च्या ऑफिसात अडकलेला त्यांचा तक्रारअर्ज, हे सगळे त्यांच्या मते झोपलेले होते. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा त्यांनी माझ्या आईला पत्र लिहून हेच कळवलं. आईला ते कुणाबद्दल आहे ते कळेना, म्हणून तिने घाबरून तार केली.

रानात आपोआप उगवणारी झाडं कुणी मुद्दाम लावतं का, असं मी एकदा त्यांना विचारलं. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो आणि बाई काजं करत होत्या.

"दुष्काळाच्या साली तुम्ही कुठं होता, सर?"

"नाशिकला."

"मंग तुम्हाला काय ठाव. इथं जवारी करपली, कपाशी करपली, आन् बांधावर कुर्डू उभाच. त्याचीच भाजी खाल्ली आम्ही. तरोट्याचीबी खाल्ली." सुई थांबवून त्या म्हणाल्या, "माझी आई खुरपायला जायची. जन्मभर दुसऱ्याच्या रानातून हेच उपटलं तिनं. एकदा मी पगाराच्या दिवशी तिला शेवंतीची वेणी नेली. तर हातात धरून म्हणते, ह्याच्यापरीस कुर्डू चांगला दिसतो गं, पण उपटावा लागतो. मला एक वाफा पाह्यजे, सर, बस. जिथं त्याला कोणी उपटत न्हाई. एक बार फुललेला बघते आन् रिटायर होते."

एवढं बोलून त्यांनी दोरा दाताने तोडला. मी त्या दिवसापासून वाफ्याला वळसा घालून जायला लागलो.

आता हेडसरांविषयी सांगितलं पाहिजे. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांची फक्त एक नवी हिरवी सायकल होती. ती उन्हात तापते म्हणून त्यांचा जीव तळमळायचा. शाळेत सायकल स्टँडला योग्य अशी एकच जागा होती आणि तिच्यावर अकरा पाट्या उभ्या होत्या. खिडकीत बसून ते कधी पाट्यांकडे बघत, कधी सायकलीकडे, आणि सुस्कारा टाकून पिवळ्या फडक्याने सीट पुसायला उठत.

एका दुपारी हेडसरांच्या पोटात कळ आली. बाईंच्या पदरात ओवाही असतो हे सगळ्या स्टाफला माहीत होतं. बाई धावत आल्या, गाठ सोडली, हेडसरांनी डोळे मिटूनच चिमूटभर तोंडात टाकलं आणि वर तांब्याभर पाणी प्याले. मग बाईंनी रिकाम्या गाठीकडे पाहिलं. मग शेजारच्या भरलेल्या गाठीचा वास घेतला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "चावलं का गिळलं?"

"गिळलं. का?"

बाईंचा चेहरा उजळला. "मंग काही बिघडलं न्हाई. कुर्डू होता. त्यानं पोटाला काही होत न्हाई. फक्त उद्या सकाळी कुठं जाता त्या जागेवर नजर ठेवा, पावसाळ्यापर्यंत."

हेडसरांचं पोट तासाभरात थांबलं, पण पुढचे तीन दिवस ते बाईंना पाहिलं की दुसऱ्या दाराने जात.

बाईंचं म्हणणं असं की रानातलं बी हट्टी असतं, त्याला कुणीतरी त्रास दिल्याशिवाय ते डोळे उघडत नाही. त्यामुळे त्यांनी त्या बियांना जेवढा त्रास देता येईल तेवढा दिला. चहाच्या उकळत्या पाण्यात भिजवलं. राखेत पुरलं. तरोट्याचं बी फार टणक, म्हणून तंबाखूच्या रिकाम्या डब्यांत खरखरीत वाळू आणि बी भरून त्यांनी सातवीच्या मुलांना ते हलवायला दिलं. नुसतं हलवून वेळ वाया जाऊ नये म्हणून सोबत पाढे. बाईंच्या अनुभवाप्रमाणे बाराच्या पाढ्याला बी नुसतं गरम होतं, एकोणिसाच्या पाढ्याला नीट घासलं जातं. चाळीस पोरं चाळीस डबे घेऊन 'एकोणीस सत्ते' म्हणायला लागली की शेजारच्या वर्गात मी शिकवत असलेली कविता ऐकू येणं अशक्य. त्या वर्षी सातवीचे पाढे तालुक्यात सगळ्यात चांगले होते. तरोटा उगवला नाही.

मग शेळी आली. शेळी सखूबाईंची. सखूबाई शाळेमागच्या वस्तीत राहायच्या आणि खुरपणीला जायच्या; त्यांच्या टोळीने खुरपलेल्या रानात डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरी गवताची काडी सापडत नसे. शेळीच्या पोटातून गेलेलं बी लवकर उगवतं असं बाईंनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी ज्वारीच्या कोंड्यात बी कालवून शेळीला चारलं आणि रविवारी सकाळी छत्री, वही आणि शिंप्याकडची टेप घेऊन शेळीच्या मागे निघाल्या. टेप कशासाठी ते मी विचारलं नाही. शेळी चालली की बाई चालत, शेळी बसली की बाई बसत. दुपारी शेळी बिथरून पळाली तेव्हा जाफराबादच्या भर बाजारातून पुढे शेळी, मागे बाई, त्यांच्या मागे सखूबाई अशी वरात गेली.

"अवो बाई, काय पायजे तुमाला तिच्यापासून? सांगा ना, म्या काढून देते!" सखूबाई ओरडत होत्या.

संध्याकाळी बाई रुमालभर लेंड्या घेऊन परत आल्या आणि त्या त्यांनी पाट्यांखाली वीतभर खोल खड्डे करून पुरल्या. सखूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"हे काय करून राह्यल्या?"

"पेरून राह्यले."

"एवढं खोल?" सखूबाईंना हसू आवरेना. "अवो, तणाला कोन पुरतं? तण का जवारी हाय? ते वरच्या वर येतं, उन दिसलं की. तुमी सगळं बी गाडून ठुलंय. येक बार खुरपं मारा, माती खालची वर करा, मंग बघा. आमी जितकं खुरपतो तितकंच पुन्यांदा येतं, म्हनून तर आमची रोजी चालते."

शास्त्राच्या बाईंनी वहीचं नवीन पान काढून ते सगळं लिहून घेतलं आणि खाली 'सखूबाईंचे मत' असं लिहून रेघ मारली.

त्या उन्हाळ्यात बाईंनी सगळा वाफा खुरपला, बी वर आणलं. वळवाच्या सरीनंतर खरंच काहीतरी उगवलं. हिरवं, बारीक कापलेल्या पानांचं, आणि महिन्याभरात त्याला पांढरी नाजूक फुलं आली. सबंध वाफा भरून गेला. हेडसर बाहेर आले, भारावून म्हणाले, "बाई, जिंकलात! काय नक्षीदार झाड आहे! याची पाटी कोणती?"

"ह्याची पाटी न्हाई," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून उपटायला बसल्या. "हे गाजरगवत. परदेशी गव्हाच्या पोत्यातून आलेला पाव्हणा. हा आला की घरच्यांना जागा ठेवत न्हाई."

"अहो, पण दोन वर्षांत हेच एक फुललंय!"

"फुललंय, पण माझं न्हाई."

हेडसरांचा संयम तिथे संपला. त्यांनी स्टाफच्या मीटिंगमध्ये सांगितलं की दसऱ्यानंतर औरंगाबादहून साहेब शाळा तपासायला येणार आहेत. तोवर या जागेत बाग दिसली तर ठीक, नाहीतर तिथे फरशी घालून सायकल स्टँड होईल. बाईंनी मान डोलावली. त्यांना रिटायर व्हायला तेव्हा वर्ष-सव्वा वर्षच उरलं होतं, म्हणजे फरशी बसली तर हा शेवटचा वाफा.

आणि पाऊस बरा झाला. आषाढात एके दिवशी बाईंनी मला हाताला धरून वाफ्यापाशी नेलं आणि जमिनीवर बसायला लावलं. टाचणीच्या डोक्याएवढी पानं वर आली होती. बाई एकेकाला बोट लावून ओळख करून देत होत्या, "हा कुर्डू. ही तिळवण. हा तरोटा, एकोणिसाचा पाढा म्हटलेला." दसऱ्यापर्यंत वाफा कमरेएवढा वाढला. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तरोट्याची पिवळी फुलं, मध्येच केन्याची निळी टिकली, आणि खाली वाळत आलेल्या शेंगांतून बी गळायलाही लागलेलं. मी वयाची पंचविशी गाठेपर्यंत हे सगळं हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. बाई रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं तिथे नुसत्या उभ्या राहत.

साहेब सोमवारी येणार होते. शनिवारी बाई पाट्यांसाठी पांढरा ऑइलपेंट आणायला जुन्या जालन्याला गेल्या, तिथे बहिणीकडे दोन रात्री राहून सोमवारच्या पहिल्या गाडीने येणार होत्या.

यापुढचा अपराध माझा आहे. हेडसर मला म्हणाले, "बाईंच्या बागेत गवत फार झालंय. फुलं उठून दिसत नाहीत. तेवढं काढून घ्या, बाईंना बरं वाटेल." मलाही वाटलं, बाईंना बरं वाटेल. रविवारी मी सखूबाईंना आणि त्यांच्या दोन सोबतिणींना बोलावलं. त्या वर्षी पावसाळाभर सखूबाईंची टोळी लांबच्या रानात कामाला होती, त्यामुळे हा वाफा फुललेला त्यांनी पाहिलाच नव्हता. मी अगदी स्पष्ट सूचना दिली, आजही शब्दन् शब्द आठवते: "फुलं तशीच ठेवा. फक्त तण काढा. एक काडी राहता कामा नये." तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, माना डोलावल्या, आणि मी निश्चिंतपणे केस कापायला गेलो.

परत आलो तेव्हा वाफा सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत होता. अकरा पाट्या, मध्ये काहीही नाही. तण भाऱ्यांत बांधून डोक्यावरून शेळ्यांसाठी वस्तीवर पोचतं झालं होतं. सखूबाई खुरपं पुसत अभिमानाने म्हणाल्या, "येक काडी ठुली न्हाई, सर. आन् फुलाला तर हातच लावला न्हाई. व्हतंच न्हाई फूल. कवा लावणार हायेत बाई?"

मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. माझे अर्धेच केस कापून झाले होते, कारण न्हाव्याने गर्दीत मला मध्येच उठवून दुसऱ्याला बसवलं होतं, आणि त्या अवस्थेत मी रात्रभर जागा होतो.

सोमवारी पहिल्या गाडीतून बाई उतरल्या. हातात रंगाचा डबा. मी फाटकात उभा होतो. त्या माझ्या डोक्याकडे पाहून हसणार तोच त्यांची नजर मागे गेली. त्या पुढे आल्या, वाफ्यात उकिडव्या बसल्या, मातीवरून हात फिरवला. मी सगळं सांगून टाकलं, हेडसरांचं, माझं, सखूबाईंचं. सखूबाईही घाबरून येऊन उभ्या होत्या, त्यांना कुणीतरी तोवर समजावलं होतं. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, मला वाटलं, ते शेळीचं निसतं पोरान्ला शिकवायला व्हतं. तणाचं फूल बी कुनी जपतं, हे मला काय ठावं?"

बाईंनी मातीतून एक तुटकं मूळ शोधायचा प्रयत्न केला. मिळालं नाही.

"मुळासकट काढलंय सगळं," त्या म्हणाल्या. "एकबी तुटलं न्हाई. माझ्या आईचा हात असाच होता, सखूबाई." आणि मग त्यांचे डोळे भरून आले. रागवल्या असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

साहेब अकराला आले. बाईंनी तोवर पाट्या रंगवून काढल्या होत्या, का ते त्यांनाच ठाऊक. साहेबांनी वाफा पाहिला आणि थबकले. "वा! इतकं स्वच्छ आवार मी कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. आणि वनस्पतींची नावं मुलांना पाठ व्हावीत म्हणून पाट्या! झाडं नसली तरी चालतात, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं." त्यांनी शेरेबुकात तसं लिहिलं आणि हेडसरांनी घातलेला झेंडूचा हार काढून बाईंच्या गळ्यात घातला. बाई तो गळ्यात असेतोवर शिंकत राहिल्या, कारण झेंडूने त्यांना शिंका येत.

जागा मुळात इतकी सपाट झाली होती की दिवाळीच्या सुट्टीत फरशी बसलीसुद्धा. पाट्या मात्र काढायचं धाडस कुणी केलं नाही, त्यामुळे सायकली पाट्यांखाली लागू लागल्या. माझी जागा भुईरिंगणी होती, हेडसरांची काटेकोरांटी. "सर, तुमच्या तरोट्यात हवा न्हाई," असं शिपाई गणिताच्या सरांना सांगे आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटेनासं झालं. बाई स्टँडकडे पाहायच्या नाहीत. पदराच्या गाठीही हळूहळू कमी झाल्या. 'झोपलंय' हे वाक्य मी त्या वर्षी एकदाही ऐकलं नाही, आणि त्यावाचून मला इतकं चुकल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या दसऱ्याच्या आसपास बाई रिटायर झाल्या. तीर्थपुरीला लेकीकडे राहायला जाणार होत्या. निरोपाचा कार्यक्रम झाला, नारळ झाला, आणि मी त्यांची ट्रंक सायकलवर ठेवून गाडी गाठायला निघालो. बाई एरवी एस.टी. स्टँडवर जायच्या त्या गावातून. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी त्यांना मागच्या, वस्तीवरून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने नेलं. मुद्दाम नेलं असं मी पुढे लोकांना सांगत असे, ते खोटं आहे.

शाळेच्या मागच्या कोपऱ्यापासून कुर्डू सुरू झाला. रस्त्याच्या दोन्ही कडांनी, थेट वस्तीपर्यंत. ज्या वाटेने भारे डोक्यावरून गेले होते, बरोबर त्या वाटेने. मध्ये तरोटा पिवळा, मध्ये तिळवण, आणि सखूबाईंच्या शेळ्यांच्या खुंट्याभोवती तर उभं राहायला जागा नाही.

बाई थांबल्या. "शेळीनं केलं," त्या हळूच म्हणाल्या. मग जोरात म्हणाल्या, "सर, शेळीनं केलं!" आणि छत्री रस्त्यात टाकून दिली.

पुढे कडेला सखूबाई खुरपत बसल्या होत्या. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या मागे उपटलेल्या गाजरगवताचे ढीग पडत चालले होते. स्टँडवरून गाडीचा भोंगा वाजला, मी "बाई, चला" म्हणालो, पण बाईंनी हात वर करून मला गप्प केलं. सखूबाईंचं खुरपं सरकत सरकत एका कुर्डूपाशी आलं. त्याच्या बुडाशी टेकलं. क्षणभर थांबलं. मग त्याला वळसा घालून पुढच्या गवताकडे गेलं.

भोंगा पुन्हा वाजला. बाई हलल्या नाहीत. ती गाडी त्यांची चुकली.